पेशीप्रवेशी जीवाणुलयी एंझाइमे

मानवी पेशीच्या आत दडलेल्या जीवाणूंची भित्तिका फोडून त्यांचा नाश करणारी प्रथिने. जीवाणुनाशक औषध म्हणून वापरायच्या एंझाइमांना ‘एंझायबायोटिक’ म्हणतात. ही संज्ञा २००१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील व्हिन्सेंट फिशेट्टी यांच्या गटाच्या लेखनातून रूढ झाली. पेशीत शिरणारी एंझाइमे हा एंझायबायोटिकांचा अलीकडचा उपप्रकार होय.

जीवाणूंना विरघळवणाऱ्या एंझाइमाच्या शोधाचे श्रेय सामान्यतः अलेक्झांडर फ्लेमिंग (लायसोझाइम, १९२२) यांना देतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा असा गुण लॅश्चेंको यांनी १९०९ मध्येच नोंदवला होता. तथापि अश्रू, लाळ, शेंबूड अशा अनेक स्रावांत एकच द्रव्य असल्याचे फ्लेमिंग यांनी दाखवले, म्हणून त्यांचे नाव पुढे ठेवणे रास्त दिसते. स्टॅफिलोकोकस या जीवाणूविरुद्धचे लायसोस्टॅफिन हे एंझाइम १९६४ मध्ये शिंडलर व शुहार्ट यांनी वर्णिले. जीवाणुभक्षक विषाणू पिल्ले बाहेर पडण्यासाठी आतून भित्तिका फोडतात, त्या एंझाइमांना एंडोलायसिन म्हणतात.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा पेशीबाहेरचा जीवाणू, असा समज दीर्घकाळ होता. माणसाच्या श्वेत पेशींनी गिळल्यावरही तो जिवंत राहतो, हे रॉजर्स व टॉम्पसेट यांनी १९५२ मध्ये दाखवले. हाडे व स्तनग्रंथींच्या पेशींतही तो शिरतो. व्हँकोमायसिन व जेंटामायसिन ही प्रतिजैविके पेशीत फारशी पोचत नाहीत. त्यामुळे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा प्रकार (एमआरएसए) असल्यास उपचार संपल्यावर संसर्ग पुन्हा उद्भवू शकतो.

लायसोस्टॅफिन भित्तिकेतील पाच ग्लायसिनांचा पूल तोडते. प्रयोगशाळेत ते अनेक वर्षे नेमक्या उलट कामासाठी वापरले गेले: पेशीबाहेरचे जीवाणू मारून आतले किती उरले ते मोजण्यासाठी, कारण ते आत जात नाही असे गृहीत होते. त्याला आत नेण्यासाठी एचआयव्हीच्या टॅट प्रथिनातील धनभारित तुकडा किंवा तत्सम पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) जोडतात. हे पेप्टाइड आत कसे जाते, याविषयी मतभेद आहेत. ते पेशीपटलातून थेट आरपार जाते, हे आरंभीचे मत पुष्कळसे मृत, रासायनिक स्थिरीकरण केलेल्या पेशींच्या निरीक्षणावर उभे होते. स्थिरीकरणामुळेच पेप्टाइड आत पसरल्याचा भास होतो, असे २००३ मधील फेरतपासणीत दिसले. आता पेशी ते पुटिकेत (पटलाच्या छोट्या पिशवीत) गिळते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मग प्रश्न उरतो तो पुटिकेतील आम्लतेत एंझाइम टिकण्याचा आणि जीवाणू जेथे आहे त्याच कप्प्यात पोचण्याचा. कप्पा चुकला तर एंझाइम कितीही प्रभावी असो, उपयोग शून्य.

२०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी लायसोस्टॅफिन व लायसके नावाचे एंडोलायसिन यांचे भाग जोडून भित्तिकेवर तीन ठिकाणी घाव घालणारे एंझाइम मांडले. पेशीप्रवेशी तुकडा जोडल्यावर स्तनग्रंथींच्या पेशींतील आणि स्तनदाह झालेल्या उंदरांतील जीवाणूंवर त्याचा प्रभाव दिसला. तीन घावांचा हेतू जीवाणूत औषधरोध निर्माण होणे टाळण्याचा होता. एकट्या लायसोस्टॅफिनविरुद्ध जीवाणू ग्लायसिनाचा पूल आखूड करून निभावतो, जरी त्या बदल्यात एमआरएसए बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या गटातील) औषधांना पुन्हा बळी पडू लागतो.

याच वर्षी प्लायसी या एंडोलायसिनाचा निराळा गुण प्रसिद्ध झाला: कोणतेही पेप्टाइड न जोडता ते उपकला (शरीराच्या पृष्ठभागांवरील अस्तराच्या) पेशीत शिरते आणि आतील स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस मारते. त्यात आठ सारखे बंधक उपघटक व एक उत्प्रेरक उपघटक असतो; बंधक भाग पेशीपटलातील फॉस्फॅटिडिलसेरिन या मेदद्रव्याला चिकटतो. हा जीवाणू पेनिसिलिनला अजूनही संवेदनक्षम आहे, हे ध्यानात ठेवावे. येथे अडचण औषधरोधाची नसून लपण्याची आहे.

रुग्णांवरील चाचण्या मुख्यतः पेशीत न शिरणाऱ्या एंझाइमांच्या झाल्या. रक्तातील स्टॅफिलोकोकस संसर्गासाठीच्या एक्सेबाकेस या एंझाइमाची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२२ मध्ये लाभाची शक्यता न दिसल्याने थांबवण्यात आली. बंगळूरच्या गंगाजेन कंपनीचे पी१२८ हेही स्टॅफिलोकोकसविरुद्धचेच जोडएंझाइम.

क्षयाचा जीवाणू हा पेशीत राहणाऱ्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा. त्याच्या भक्षक विषाणूंतील लायसबी हे एंझाइम भित्तिकेतील मायकॉलिक आम्ल (मेदाम्ल) व अरॅबिनोगॅलॅक्टन (शर्करांची साखळी) यांतील बंध तोडते.