बुंगाट गाड्यांच्या मागे आठ अश्वशक्ती

कापसाचा चुकारा झाला, कुणाला नोकरी लागली, कुणाचं कर्ज मंजूर झालं, की गावच्या मित्रमंडळात पहिला फरक दिसतो तो गाडीत. परवापर्यंत सगळी पोट्टी शंभर-सव्वाशे सीसीवर फिरत होती. आता एकाकडे साडेतीनशे सीसीची बुलेट आहे, दोघांकडे चारशे सीसीच्या बुंगाट गाड्या आहेत आणि एक जण अजून वडिलांच्या स्प्लेंडरवर आहे. रविवारी चिखलदऱ्याला जायचं ठरतं. कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा आणि मग घाट. दर थांब्यावर स्प्लेंडरवाल्याला एकच प्रश्न ऐकावा लागतो: "अबे, कायले एवढा मागं राहून राह्यला?"

प्रश्न थट्टेचा असला तरी त्याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे, आणि ते 'तुझ्या गाडीत दम नाही' एवढ्यावर संपत नाही.

आधी दमाचंच पाहू. स्प्लेंडरचं इंजिन ९७ सीसीचं, ताकद सुमारे ८ अश्वशक्ती. साडेतीनशेच्या बुलेटची २० आणि चारशेच्या गाड्यांची ४० ते ४५. म्हणजे पाचपट ताकद. मग वेगही पाचपट हवा की नाही? तसा तो नसतो, कारण मध्ये हवा येते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो रेटायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. वेग दुप्पट केला, तर हवेसाठी आठपट ताकद मोजावी लागते. गुडघाभर पाण्यातून सावकाश चालता येतं, पळायला गेलं की मांड्या भरून येतात, तसाच हा प्रकार.

ताठ बसलेल्या माणसासह साध्या मोटरसायकलचा ढोबळ हिशेब मांडला, तर ताशी ६० किलोमीटरला चाकाशी पावणेतीन अश्वशक्ती पुरते. ९० ला पावणेआठच्या आसपास लागते, १२० ला सतरा आणि १५० ला तेहतीस. स्प्लेंडर ८५-९० ला का अडते आणि बुलेट ११५-१२० ला का धापा टाकते, ते या चार आकड्यांत दिसतं. वरचे तीस किलोमीटर विकत घ्यायचे, तर दर वेळी ताकद दुपटीच्या आसपास वाढवावी लागते. चारशे सीसीवाल्याने मोजलेले पैसे बहुतेक या शेवटच्या टप्प्याचे आहेत.

आता तो टप्पा वापरायचा कुठे? केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीची मर्यादा ताशी ८० आहे आणि साध्या रस्त्यावर ६०. कारंज्याजवळूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. विदर्भात सव्वाशेचा वेग शोभेल असा जो एक रस्ता झाला, त्यावर ही गाडी चढूच शकत नाही. माझ्या मते यात नशिबाची चेष्टा कमी आणि शहाणपण जास्त आहे, पण चारशेवाल्यांना ते पटत नाही.

तरी समजा, मर्यादा कुणी पाळलीच नाही. ८० किलोमीटरचा रस्ता घ्या. त्यातले ४० किलोमीटर मोकळे आणि ४० गावांतून, गतिरोधकांवरून, बैलगाड्या आणि शेळ्यांच्या कळपांमधून, जिथे सगळ्यांचाच वेग चाळीसच्या वर जात नाही. मोकळ्या पट्ट्यात मित्र १०० ने गेला, तर त्याला २४ मिनिटं लागतात. स्प्लेंडर ७५ ने गेली, तर ३२. उरलेल्या अर्ध्याला दोघांनाही एक-एक तास. एक ८४ मिनिटांत पोहोचतो, दुसरा ९२. आठ मिनिटं! सरासरी वेग ठरवतो तो रस्त्याचा संथ भाग, कारण वेळेतला मोठा वाटा तिथेच जातो. मित्र पुढे दिसेनासा झाला, की फरक फार मोठा वाटतो. घड्याळ तसं म्हणत नाही.

मग गॅरेजमध्ये मिळणारे सल्ले येतात. सायलेन्सरची जाळी काढ, एअर फिल्टर मोकळा कर, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, लहान बसव. जाळी काढल्याने आवाज वाढतो, आणि आवाज म्हणजे ताकद नव्हे. फिल्टर काढला, तर उन्हाळ्यात आपल्याकडच्या फुफाट्यात सिलिंडर घासून निघतो. स्प्रॉकेट लहान केल्याने चाक इंजिनाच्या एका फेऱ्यात जास्त फिरेल हे खरं, पण ते फिरवायला ताकद तीच. आठ अश्वशक्तीचं इंजिन त्या ओझ्याखाली आपल्या सर्वोत्तम फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही, आणि कित्येकदा टॉप स्पीड उलट घटतो. कामाच्या गोष्टी कमी झगमगीत आहेत: चेन साफ आणि नीट ताणलेली, टायरमध्ये पुरेशी हवा, ब्रेक शू चाकाला घासत नाही ना ते पाहणं. टाकीवर आडवं होऊन कोपरं आत घेतली, तर हवेला दिसणारं क्षेत्र घटतं. ते वीस टक्क्यांनी घटलं असं धरलं, तर घनाच्या त्याच नियमाने वेग फक्त सात-आठ टक्क्यांनी वाढतो. ८५ चे ९१. सहा किलोमीटरसाठी मान मोडून घ्यायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

उन्हाळ्याचीही एक गंमत आहे. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपूरकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा १५ अंशांच्या हवेपेक्षा ती हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ असते. इंजिनात प्राणवायू कमी जातो, ताकद घटते. पण हवा विरळ म्हणजे तिचा अडथळाही तेवढाच घटला. म्हणून टॉप स्पीडला फारसा धक्का बसत नाही. गाडीचं आणि माणसाचं वजन मात्र उन्हाने हलकं होत नाही, म्हणून उचल मंदावते आणि डबल सीट असली की चढावर ते चांगलंच जाणवतं.

या 'उचल' शब्दापाशी खरा विषय सुरू होतो. मित्रांच्या मागे राहण्यातला धोका टॉप स्पीडमध्ये नाही, ओव्हरटेकमध्ये आहे.

दुपदरी रस्ता आहे, पुढे एसटी ताशी ५५ ने चालली आहे आणि मागे आपले सगळे. ओव्हरटेक पुरा करायचा म्हणजे मागचं अंतर, बसची लांबी आणि पुढचं अंतर धरून बसच्या तुलनेत सुमारे ४२ मीटर जास्त कापायचे. चारशेची गाडी ५५ वरून ९५ ला पावणेचार सेकंदांत जाते आणि साडेपाच सेकंदांत सगळं आटोपते. तेवढ्यात तिने रस्त्याचे सव्वाशे मीटर खाल्ले. समोरून ७० ने येणारं वाहन त्याच वेळात ११० मीटर जवळ आलं. म्हणजे २३५-२४० मीटर मोकळा रस्ता दिसला, की त्याचं काम भागतं, तेही अगदी काठावर.

स्प्लेंडरचं बघा. ६० ला हवा आणि चाकांचं घर्षण सांभाळून थोडीफार ताकद शिल्लक असते. ७५ पर्यंत जाता जाता ती शिल्लक निम्मी उरते, ८० ला जवळजवळ संपते. ५५ वरून ७५ ला जायलाच तिला आठेक सेकंद लागतात, आणि पूर्ण ओव्हरटेकला साडेअकरा. या वेळात ती सव्वादोनशे मीटर जाते, समोरचं वाहन तेवढंच पुढे येतं. मोकळा रस्ता हवा सुमारे ४४० मीटर.

मित्राला २४० आणि आपल्याला ४४०. आता मित्र निघाला, पाठोपाठ दुसरा निघाला, आणि स्प्लेंडरवाल्यानेही कान पिळला. त्याने समोरचा रस्ता पाहिलाच नाही, मित्राचा टेललॅम्प पाहिला. जी फट मित्रासाठी पुरेशी होती, ती त्याच्यासाठी अर्धी आहे, आणि हे त्याला कळतं तेव्हा तो बसच्या मागच्या चाकाशी असतो. अशा वेळी ब्रेक दाबून परत मागे घुसणं हाच शहाणपणा, पण मागून बुलेटवाला आत शिरलेला असतो. म्हणून माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे: ओव्हरटेक ही एकट्याने करायची गोष्ट आहे. पुढच्याने 'ये' म्हणून हात केला, तरी तो हात त्याच्या गाडीच्या हिशेबाने केलेला असतो.

ब्रेकचंही असंच आहे. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाक्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. त्याखालच्यांना त्या नियमात दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस चालत होती. ८० च्या वेगात डिस्क आणि एबीएसची गाडी चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर ३५ मीटरच्या आसपास थांबते. ड्रम ब्रेकच्या गाडीला पन्नासेक धरावे. त्याआधी मेंदूने हाताला सांगण्याच्या एका सेकंदात २२ मीटर गेलेले असतात. अंजनगावच्या पुढे संध्याकाळी रोही (नीलगाय) आडवी आली, तर पुढचा थांबेल, आणि त्याच्या मागे दहा-पंधरा मीटरवर चिकटलेला आठ अश्वशक्तीवाला त्याच्यावर जाईल. दोन सेकंदांचं अंतर म्हणतात. ड्रमवाल्याने तीन ठेवावं.

मूर्तिजापूर-दर्यापूरकडे आणखी एक मामला असतो, काळ्या मातीचा. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज आहे. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, उन्हात आटली की आक्रसते, भेगाळते. डांबराखालचा मधला भाग कोरडा राहतो, कडा मात्र पावसात भिजतात. असं दर वर्षी होत गेलं की रस्त्याला लाटा येतात. समजा लाटेची लांबी साडेसात मीटर आहे. ताशी ५४ च्या वेगाने गाडी सेकंदाला दोन लाटा ओलांडते, आणि मोटरसायकलच्या स्प्रिंगांवर बसलेल्या वजनाची आपली हेलकाव्याची लयही साधारण तेवढीच असते. दोन्ही लयी जुळल्या की गाडी घोड्यासारखी उडायला लागते. वेग वाढवला तर हेलकावा कमी होतो, पण चाक लाटेच्या माथ्यावरून सुटतं आणि सुटलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण. इथे उपयोगी पडतात ते चांगले शॉक अॅब्सॉर्बर. महागड्या गाडीचा खरा फायदा या रस्त्यावर अश्वशक्तीत नसून तिथे आहे. (याच पट्ट्यातून शकुंतला नावाची सावकाश चालणारी छोटी रेल्वे जायची. तिला कुणाला गाठायचं नव्हतं.)

बर्फाळ मुलखात बर्फावर पट्ट्याने धावणारी स्नोमोबाइल चालवणाऱ्यांचंही हेच उंचवट्यांचं दुखणं आहे. कॅनडात क्वेबेकच्या जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये स्की-डू ही स्नोमोबाइल बाजारात आणली, तेव्हा ती जेमतेम काही अश्वशक्तीची होती. आज ८५० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या १६० अश्वशक्तीच्या पुढे जातात. पण येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पट्ट्यांनी तिथल्या वाटांवर बर्फाचे उंचवटे तयार होतात, आणि जुन्या गाडीचं इंजिन थकण्याआधी स्वाराची कंबर थकते. ऑन्टारिओत अशा वाटांवरची वेगमर्यादा आहे ताशी ५०.

परतवाडा सोडून घाट लागला की मात्र चित्र पालटतं. वळणावर गाडी किती वेगाने घालता येईल, हे वळणाची त्रिज्या आणि टायरची पकड ठरवते. समीकरणात वजन दोन्ही बाजूंनी येतं आणि कटतं. अश्वशक्ती तर त्यात येतच नाही. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर शहाण्या माणसाचा वेग ३०-३२ असतो, मग खाली स्प्लेंडर असो की लाखोंची गाडी. हजार-अकराशे मीटर उंचीच्या चिखलदऱ्यापर्यंत अशी वळणं मुबलक आहेत, त्यामुळे वर सगळे जवळपास एकत्र पोहोचतात. चढावर आठ अश्वशक्तीला दोन वळणांमध्ये तिसऱ्या गिअरमध्ये रडावं लागतं एवढंच.

राहिला गतिरोधकांचा प्रश्न, आणि रांगेचा. समजा, पाच गाड्या दोन-दोन सेकंदांच्या अंतराने चालल्या आहेत. पहिल्याने २० च्या वेगात गतिरोधक ओलांडला आणि लगेच कान पिळून ९० गाठले. शेवटचा आठ सेकंदांनी त्याच गतिरोधकावर येतो, तेव्हा पहिला १३५ मीटर पुढे असतो. शेवटच्याची उचल मंद असेल, तर हे अंतर वाढत तीनशेच्या वर जातं. ते भरून काढायला त्याला ताशी पाच किलोमीटरचा वरचढ वेग मिळाला, तरी साडेतीन मिनिटं लागतात. तोवर पुढचं गाव आणि पुढचा गतिरोधक आलेला असतो. रांग रबरासारखी ताणली जाते आणि ताण सगळा शेवटच्यावर. म्हणून मंद गाडी शेवटी ठेवण्यापेक्षा दुसऱ्या नंबरला ठेवावी. पुढच्याच्या आरशात ती दिसते आणि वेग आपोआप तिच्या हिशेबाने ठरतो. फाट्यावर मात्र सगळे येईपर्यंत कुणी वळायचं नाही, म्हणजे मागच्याला रस्ता चुकण्याच्या भीतीने पळावं लागत नाही.

शिवाय गतिरोधकानंतर पहिल्याने एक किलोमीटर ६० वरच राहावं. ९० ने गेला असता, तर ४० सेकंद लागले असते. ६० ने ६० लागतात. दर गतिरोधकाला त्याचे वीस सेकंद जातात. कारंजा ते परतवाड्यात असे पंधरा-वीस गतिरोधक धरले, तरी पाच-सात मिनिटांचा मामला आहे. दर्यापूरच्या स्टँडवर आलूबोंड्याचा घाणा निघेपर्यंत त्याहून जास्त वेळ थांबावं लागतं.