‘स्थैर्य’ म्हणजे नेमके काय? कोसळण्याच्या गणिताची पार्श्वभूमी

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठच्या फड बागायतीत बंधाऱ्याखालची जमीन बहुधा चार फडांत वाटलेली असे. एका फडात एकच पीक, पाणी पाटकरी फिरवणार. पाणी तुटले की एखादा फड पडीक ठेवून बाकीचे वाचवायचे. गुंतागुंतीच्या व्यवस्था का कोसळतात, याचे गणित वाचताना मला हे फड सारखे आठवतात.

आधी समज असा होता की सजीवांच्या जितक्या जाती, त्यांना जोडणारे जितके धागे, तितके निसर्गाचे जाळे पक्के. १९७० मध्ये संगणकावर घटक एकमेकांना वाटेल तसे जोडून पाहिले गेले. जोडण्या ठरावीक प्रमाणापलीकडे गेल्या की स्थैर्य एकदम ढासळले. १९७२ मध्ये एका छोट्या टिपणात त्याला सूत्र मिळाले. घटकांची संख्या, जोडण्यांचे प्रमाण किंवा परिणामांची तीव्रता वाढत गेली, की एका मर्यादेनंतर मोठी व्यवस्था जवळपास नक्कीच अस्थिर होते.

घोळ झाला तो ‘स्थैर्य’ या शब्दाचा. सूत्रातले स्थैर्य म्हणजे एवढेच, की समतोलाला हलका धक्का दिला तर व्यवस्था जागेवर परत येते. लागोपाठ दोन कोरडी वर्षे सोसून उभे राहणे ही गोष्ट निराळी. तिला १९७३ मध्ये वेगळे नाव मिळाले. मी तिला चिवटपणा म्हणतो. शिवाय जोडण्या वाटेल तशा धरणे हा गणिताच्या सोयीचा निर्णय होता. खरा निसर्ग तसा जोडलेला नसतो, ही टीका रास्तच. पण १९७२ च्या त्याच छोट्या टिपणात एक उदाहरण आहे, आणि माझ्या मते सूत्रापेक्षा तेच मोलाचे. १२ घटकांत शक्य तेवढ्या जोडण्यांपैकी १५ टक्के असतील तर स्थिर राहण्याची शक्यता जवळपास शून्य. जोडण्या तेवढ्याच ठेवून ४-४ घटकांचे ३ अलग गट पाडले, तर ३५ टक्के. म्हणजे फडच की!

पुढे १९८७ मध्ये वाळूच्या ढिगाचे प्रारूप आले: एकेक कण टाकत गेले की कधी छोटी, कधी प्रचंड घसरण होते. २००९ च्या सुमारास, कोसळण्याआधी व्यवस्था सावरायला जास्त वेळ घेऊ लागते, या इशाऱ्यावर भर आला. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला देशातले वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी ६० कोटींवर लोकांच्या मुलखातली वीज गेली. खानदेश ज्या पश्चिम विभागात येतो, तो तुटून वेगळा झाला म्हणून वाचला.

फडांचे पाणी आता वरची धरणे आणि विहिरींचा उपसा यांनी घटले आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ज्याची त्याची बोअर वेगळी, पण खालचे पाणी सामाईक. त्या पाण्याचे फड कुणी पाडलेले नाहीत.