फझी लॉजिकमधलं 'जर-तर' एकच का नाही

साध्या लॉजिकमध्ये 'अ तर ब' चा टेबल एकच, अ खरं आणि ब खोटं एवढीच केस खोटी, बाकी तिन्ही खऱ्या, विषय संपला. पण फझी लॉजिकमध्ये ० म्हणजे पूर्ण खोटं, १ म्हणजे पूर्ण खरं आणि खरेपणा ०.८, ०.५ असा अधलामधलाही चालतो म्हटल्यावर टेबलच्या या चार कोपऱ्यांच्या (० आणि १ च्या चार केसेसच्या) मधे काय भरायचं? फझी इम्प्लिकेशनचा, म्हणजे अशा अधल्यामधल्या 'जर-तर'चा, सगळा इतिहास मला तरी याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

आणि तो झादेच्या १९६५ च्या फझी सेट्सपेक्षा (असे संच, ज्यात एखादी गोष्ट अंशतःही असू शकते) बराच जुना आहे. पोलंडच्या वुकाशेविचने १९२० मध्येच तीन किमतींचं लॉजिक मांडलं, पुढे तोच नियम ० ते १ मधल्या सगळ्या किमतींना लागला: १ मधून पहिली किंमत वजा करा, दुसरी मिळवा, १ च्या वर गेलं तर १ च धरा. गोडेलच्या १९३२ च्या कामातून आलेला नियम वेगळा, पहिली किंमत दुसरीपेक्षा मोठी नसेल तर १, नाहीतर सरळ दुसरी किंमत. क्लीनी-डिएन्सचा तिसराच, 'अ नाही' (म्हणजे १ मधून अ वजा) आणि ब यातलं जे मोठं ते.

कोपऱ्यांवर तिघं सेम, आत शिरलं की फाटे फुटतात. क्लीनी-डिएन्समध्ये अ ०.५ असेल तर 'अ तर अ' सुद्धा ०.५ च येतं, हे मला तरी पचत नाही. गोडेलमध्ये अ ०.८ आणि ब ०.५ असेल तर ०.५ मिळतं, पण वाक्य उलटवून 'ब नाही तर अ नाही' केलं की ०.२. वुकाशेविचमध्ये दोन्हीकडे ०.७, एकदम नीट.

१९३९ मध्ये वॉर्ड आणि डिलवर्थने रेसिड्युएटेड लॅटिस ('आणि' व 'जर-तर' एकमेकांना बांधलेली क्रमवारीची रचना) आणले आणि खरं स्ट्रक्चर दिसायला लागलं: आधी 'आणि' ठरवा, मग अ ला ज्या किमतीशी 'आणि'ने जोडलं तरी उत्तर ब च्या वर जात नाही अशी सगळ्यात मोठी किंमत म्हणजे 'अ तर ब'. 'आणि' म्हणून दोन्हींतली लहान किंमत घेतली की गोडेल मिळतो, गुणाकार घेतला की गोगेनचा नियम. हायेकची १९९८ ची बेसिक लॉजिक याच नात्यावर उभी आहे. ममदानीच्या १९७५ च्या फझी कंट्रोलरमध्ये ('जर-तर' नियमांनी मशीन चालवणाऱ्या यंत्रणेत) मात्र 'जर-तर' साठी दोन्हींतली लहान किंमतच घेतली होती, तिथे 'खोटं तर खरं' ला ० येतो, म्हणजे ते इम्प्लिकेशन नव्हेच, पण मशीन चाललं.

अलीकडे वेमुरी आणि जयराम यांनी इम्प्लिकेशनचीच कंपोझिशन घेतली, 'अ तर (अ तर ब)' असं, आतला आणि बाहेरचा नियम वेगवेगळा असला तरी चालतो. त्यातून सगळ्या इम्प्लिकेशन्सचा एक मोनॉइड बनतो (जोडण्याची अशी रचना, जिथे कंस कुठेही लावले तरी उत्तर तेच येतं आणि एक घटक जोडला तरी काहीच बदलत नाही). गोडेल स्वतःशी जोडला तर तसाच राहतो. वुकाशेविच नाही, अ ०.५ आणि ब ० असताना एकदा लावला तर ०.५, स्वतःशी जोडून लावला की थेट १.