तीस गुणिले सात: २१० मुलं आली कुठून?

१९६०च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत देवीची लस किती जणांना पोचली हे मोजायचं होतं. गावांची यादी होती, घरांची नव्हती. साधा यादृच्छिक नमुना, म्हणजे सगळ्या घरांतून चिठ्ठ्या टाकून काढलेली घरं, घरांच्या यादीशिवाय निघत नाही, आणि निघाला तरी एकेका मुलासाठी एकेका गावाला जीप न्यावी लागते. म्हणून आधी गावं निवडली आणि गावात लागून असलेली घरं घेतली. १९७४नंतर बालकांच्या लसीकरणासाठी याचाच साचा ठरला: ३० समूह (म्हणजे गावं किंवा वस्त्या), प्रत्येकात १२ ते २३ महिन्यांची ७ मुलं.

हिशेब असा. व्याप्ती, म्हणजे लस मिळालेल्या मुलांचं प्रमाण, ५० टक्के धरली आणि ९५ टक्के विश्वासाने उत्तर अधिक-उणे १० टक्क्यांत हवं असेल, तर साध्या नमुन्यात ९६ मुलं पुरतात. पण एका वस्तीतली मुलं एकमेकांसारखी असतात; नर्सबाई आली तर सगळ्यांकडे, नाही तर कोणाकडेच नाही. त्याची भरपाई म्हणून दुप्पट, म्हणजे १९२. भागिले ३० केले की ६.४, म्हणून ७.

खरी मेख त्या ‘दुप्पट’मध्ये आहे. हा गुणक म्हणजे १ + (७ − १) × वस्तीअंतर्गत सारखेपणा (एका वस्तीतली मुलं एकमेकांसारखी किती याचं माप; सगळी अगदी सारखी असतील तर १). तो २ यायला सारखेपणा ०.१७च्या आसपास लागतो. लशीला ते बऱ्यापैकी जमलं. नळाच्या पाण्याला नाही, कारण अख्ख्या आळीला एकच नळ. तिथे सारखेपणा ०.५ असेल तर गुणक ४, आणि २१० घरांचं वजन साधारण ५२ घरांएवढं. चूक १४ टक्क्यांच्या घरात जाते. समूह १० करून प्रत्येकी २१ मुलं घेतली तर लशीचंही तेच होतं. मुलं वाढवून फायदा थोडा, समूह वाढवून जास्त. तरीही ३० गुणिले ७ वाटेल त्या विषयाला लावलं गेलं.

मराठीत आणखी एक घोळ. ‘गट’ हा शब्द स्तरालाही चालतो आणि समूहालाही. स्तरित पद्धतीत लोकसंख्येचे आधी स्तर पाडतात, जसे शहर आणि खेडं, आणि प्रत्येक स्तरातून थोडे घेतात, आणि स्तर आतून जितका एकसारखा तितकं बरं. समूहात नेमकं उलट: काहीच समूह घेतात, आणि आतला एकसारखेपणा नडतो.

गावात पोचल्यावरची रीत तर फारच सैल होती. मधोमध उभं राहून बाटली फिरवायची, तोंड जिकडे तिकडची घरं वेशीपर्यंत मोजायची, त्यातलं एक चिठ्ठीने काढायचं, मग लगतचं दार. यात मधली घरं जास्त सापडतात, कडेचे पाडे सुटतात. कुलूप दिसलं की पुढे, म्हणजे मजुरीला गेलेल्या आईचं मूल गळालं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या नियमावलीने हे बंद केलं. निवडलेल्या वस्तीचा आधी नकाशा आणि घरयादी, घरं कार्यालयात निवडायची, बंद घराला परत भेट, बदली घर नाही. वैद्यकीय प्रबंधांत २१० अजून दिसतो.