अमेरिकेतला इमिग्रेशन रिफॉर्म: पाठिंबा आहे, मग घोडं अडलंय कुठे?

कुठल्या देशातून किती लोक घ्यायचे याचा १९२४ चा देशवार कोटा, १९६५ ला तो गेला, हे सगळ्यांना माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. खरा गुंता १९८६ च्या कायद्याचा आहे. तेव्हा डील अशी होती की १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून जे कागदपत्रांशिवाय राहतायत त्यांना कायदेशीर करायचं, आणि बदल्यात यापुढे अशा लोकांना कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड. पहिला भाग झाला, शेतमजूर धरून जवळपास २७ लाख लोक कायदेशीर झाले. दुसरा मात्र नावापुरता राहिला, कारण मालकाने 'जाणूनबुजून' ठेवलं हे सिद्ध करावं लागायचं आणि समोरच्याचं कार्ड दिसायला खरं वाटलं की मालक सुटला, मग खोट्या कार्डांचा धंदा जोरात चालणारच ना. १९९० च्या सुमारास साधारण ३५ लाख असलेला कागदपत्रं नसलेल्यांचा आकडा २००७ पर्यंत १ कोटी २० लाखांच्या वर गेला.

तिथून 'अ‍ॅम्नेस्टी', म्हणजे अशा लोकांना सरसकट कायदेशीर करणं, हा शब्द पार नासला. गंमत बघा, १९८४ च्या निवडणुकीच्या डिबेटमध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी, रोनाल्ड रेगन यांनी, टीव्हीवर उघड सांगितलं होतं की अ‍ॅम्नेस्टीची कल्पना आपल्याला मान्य आहे, आणि ते रिपब्लिकन होते! आज त्या पक्षात हा शब्द म्हणजे शिवी. आपण मराठीत सरळ 'माफी' म्हणून टाकतो पण माफीत सगळं पुसलं जातं, अशा लोकांना कायदेशीर करायच्या २०१३ च्या बिलात तर दंड, थकलेला टॅक्स, इंग्रजी आणि वर नागरिकत्वासाठी १३ वर्षं थांबायचं असं सगळं होतं. माझ्या मते ही माफी नाही. विरोधक म्हणतात अटी कितीही घाला, शेवटी नियम मोडून आलेला इथेच राहणार ना, आणि १९८६ चा अनुभव बघता हा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. सर्व्हेतसुद्धा हेच होतं, अटी सांगून विचारलं की बहुमत हो म्हणतं, 'अ‍ॅम्नेस्टी' म्हणून विचारलं की पाठिंबा घसरतो.

पुढचं पटापट. २००६ ला स्थलांतरितांच्या बाजूने लाखोंचे मोर्चे, २००७ ला असंच रिफॉर्मचं बिल पडलं, २०१३ चं बिल वरच्या सभागृहात ६८ विरुद्ध ३२ ने पास झालं तर खालच्या सभागृहाने मतालाच घेतलं नाही.

लोकमतही एका जागी थांबत नाही. गॅलपच्या सर्व्हेत २०२४ ला ५५ टक्के लोकांना इमिग्रेशन कमी हवं होतं, वर्षभरात तोच आकडा ३० वर आला, एकीकडे सीमेवरची गर्दी ओसरली आणि दुसरीकडे धरपकड डोळ्यांसमोर दिसायला लागली. २०२५ च्या त्याच सर्व्हेत कागदपत्रं नसलेल्यांना नागरिकत्वाचा मार्ग द्यावा म्हणणारे ७८ टक्के.

आणि ग्रीन कार्डासाठी रीतसर रांगेत थांबलेले? एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी जास्तीत जास्त ७ टक्के, ही लिमिट १९९० च्या कायद्यातली, तशीच आहे. नोकरीच्या ग्रीन कार्डांसाठी ती काढायचं बिल २०१९ ला खालच्या सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं, वरच्याने २०२० च्या डिसेंबरात आपलं वेगळं व्हर्जन पास केलं, दोन्हींचा मेळ बसायच्या आत त्या संसदेची मुदत संपली.