लोनवर धाडला म्हणजे क्लबने सोडला?

“फुटबॉलमधला तरुण बचावपटू लोनवर गेला की समजायचं, क्लबने त्याला सोडला” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. पण लोनमध्ये मूळ करार कायम राहतो, खेळाडू फक्त ठरावीक काळ दुसरीकडे खेळतो. इंग्लंडच्या अव्वल साखळीत तर त्याला मूळ क्लबविरुद्ध उतरवताच येत नाही.

मग धाडतात कशाला? सेंटर-बॅकच्या, म्हणजे गोलसमोर मधोमध खेळणाऱ्या बचावपटूंच्या, जागा दोन, फार तर तीन, आणि चालू सामन्यात तिथले खेळाडू सहसा बदलत नाहीत. कॉर्नरच्या वेळी कोपर रोवून उभ्या तिशीतल्या स्ट्रायकरशी (गोल करणाऱ्या आक्रमकाशी) झुंजायची सवय १९ वर्षांच्या पोराला बाकावर बसून लागत नाही.

खात्री करायची तर क्लबचं निवेदन वाचा: ‘लोन’ की कायमची बदली, करार कधी संपतो, परत बोलावण्याची अट आहे का. कराराचं शेवटचं वर्ष असेल, तर मात्र शंका रास्त आहे.