कार्स्ट पठार

ट्रिएस्टच्या आखातामागे, स्लोव्हेनिया व इटली यांच्या सीमेवर पसरलेल्या चुनखडकाच्या पठारास कार्स्ट म्हणतात. स्लोव्हेनियन भाषेत त्याचे नाव क्रास, तर इटालियनमध्ये कार्सो असे आहे. विद्राव्य खडकांच्या प्रदेशांना जगभर लावले जाणारे ‘कार्स्ट’ हे नाव मूळचे याच पठाराचे असून, सर्बियन भूगोलज्ञ योव्हान स्व्हियिच यांच्या १८९३ मधील प्रबंधामुळे ते भूविज्ञानात रूढ झाले.

येथील चुनखडक मुख्यतः क्रिटेशस व त्यानंतरच्या पॅलिओजीन या भूवैज्ञानिक काळांत उथळ समुद्रात साचला. हवेतील व विशेषतः मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी या खडकाच्या भेगांतून उतरताना त्यातील कॅल्साइट हे मुख्य खनिज विरघळवते आणि भेगा रुंदावत जातात. त्यामुळे पाऊस भरपूर पडूनही पठारावर ओढे जवळजवळ नाहीत. उघड्या खडकावर बोटभर रुंदीच्या, धारदार कडांच्या पन्हळी दिसतात. विरघळण्यातून उरलेली तांबडी चिकण माती मात्र डोलिना नावाच्या खळग्यांच्या तळाशी साचते आणि शेतीही बहुधा तिथेच होते. खोल खळग्यांत थंड हवा साठून राहते. स्लोव्हेनियातील श्कोत्सियान येथील महाखळग्यात आल्प्समधील वनस्पती व उष्णताप्रिय हंसराज एकमेकांजवळ वाढतात, हे त्याचे विलक्षण उदाहरण होय.

पठाराची खरी जलव्यवस्था जमिनीखाली आहे. रेका (या शब्दाचा अर्थच ‘नदी’) वालुकाश्म व मार्ल (चुनायुक्त चिकणमातीचा खडक) यांच्या अपार्य (पाणी झिरपू न देणाऱ्या) थरांवरून वाहत येते आणि चुनखडक लागताच श्कोत्सियानच्या गुहांत शिरते. १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या गुहांतील एक दालन सुमारे १४६ मी. उंच आहे. पुढचा मार्ग अरुंद असल्याने महापुरात पाणी मागे तुंबते. १९६५ मध्ये ते गुहेत शंभराहून अधिक मीटर चढले होते.

ट्रिएस्ट शहरासाठी पाणी शोधताना लिंडनर यांच्या शोधमोहिमेला १८४१ मध्ये ट्रेबिचानो येथील ३२९ मी. खोल विवराच्या तळाशी हीच भूमिगत नदी सापडली. परंतु इतक्या खोलीवरून पाणी वर आणणे त्या काळी व्यवहार्य नव्हते. श्कोत्सियानपासून सुमारे ४० किमी.चा अदृश्य प्रवास करून, वाटेत पठारात मुरलेले पाणी सामावून घेत, ती दुइनोजवळ तिमाव्हो या नावाने झऱ्यांतून वर येते आणि जेमतेम २ किमी. वाहून समुद्रास मिळते.